शंखचिन्हाचा डोंगर : नेमगिरी

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. जिंतूरच्या माळावर पडलेले पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांनी पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला मिळते आणि गोदावरी शेकडो कोस पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागरात विलीन होते. या भूमीचे समुद्राशी नाते असेल तर ते एवढेच. तरीही याच जिल्ह्यात भगवान नेमिनाथांची दोन प्रसिद्ध स्थाने आहेत, आणि नेमिनाथांचे लांछन समुद्रातून आलेले आहे : शंख. त्यांच्या पित्याचे नावही समुद्रविजय.

यांपैकी एक स्थान मिरखेल रेल्वे स्थानकाजवळचे नवागड. तेथील नेमिनाथ मूळचे पूर्णाकाठच्या उखळदचे. त्या मूर्तीच्या अंगठ्यात परीस होता आणि लोभी अधिकाऱ्याचा हात लागताच तो उडून पूर्णेच्या डोहात गेला, ही दंतकथा जिल्ह्यातील जुनी माणसे अजूनही रंगवून सांगतात. परीस गेला, मूर्ती राहिली. परीस गेल्यामुळे दर्शनाला येणारे कमी झाले, असे मात्र कोणी सांगत नाही. दुसरे स्थान जिंतूरपासून सुमारे तीन किलोमीटरवरील नेमगिरी. नवागड रेल्वेच्या वाटेवर असल्यामुळे तेथे सहज जाणे होते. नेमगिरीला मात्र मुद्दाम जावे लागते.

परभणीच्या मोंढ्यात तीन पिढ्यांपासून आडतीचा व्यवसाय करणारे एक कुटुंब २०२३ च्या कार्तिक अष्टाह्निकेत असेच मुद्दाम निघाले. वयोवृद्ध आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात. आजोबांचा नेम असा, की कार्तिकाच्या अष्टाह्निकेत एक दिवस नेमगिरीला जायचे आणि सातही गुंफांत दर्शन घ्यायचे. गुडघ्याच्या दुखण्यामुळे हा नेम चार वर्षे मोडला होता. या वर्षी त्यांनी घरात कोणाला विचारले नाही, रविवारी गाडी काढायला सांगितले. निमित्त मात्र त्यांच्या नेमाचे नव्हते. ते नातीच्या एका प्रश्नाचे होते.

त्या वर्षी दिवाळीत, १३ नोव्हेंबरला, रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत येऊन रुतले. काही टन वजनाचे ते पिल्लू भरतीबरोबर आत आले आणि ओहोटीने त्याला तेथेच सोडले. वनखात्याचे कर्मचारी, पशुवैद्य, मच्छीमार आणि गावकरी त्याच्या अंगावर ओले कापड घालून पाणी ओतत राहिले, कारण देवमाशाची त्वचा उन्हात करपते आणि पाण्याचा आधार सुटला की त्याचे स्वतःचेच वजन त्याच्या फुप्फुसांवर बसते. सुमारे चाळीस तासांच्या धडपडीनंतर त्याला बोटीच्या साहाय्याने खोल समुद्रात नेऊन सोडण्यात आले. पाडव्याला वह्यांचे पूजन आटोपून परभणीच्या त्या घरातील सर्व मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसून हे पाहत होती. पिल्लू समुद्रात गेल्याची बातमी आली तेव्हा नातीने टाळ्या वाजवल्या. पुढे थोड्याच दिवसांत ते पिल्लू पुन्हा किनाऱ्याला लागले, पण मृतावस्थेत. ही बातमी घरातील मोठ्यांनी तिच्यापासून लपवली. शाळेच्या मैत्रिणींनी सांगितली. “मग त्या लोकांनी एवढे पाणी कशाला घातले?” हा तिचा प्रश्न. आईने समजूत घातली, वडिलांनी विषय बदलला. आजोबा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी नेमगिरीचे काढले.

परभणीहून जिंतूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. रेल्वे नाही, झरी, बोरी अशी गावे मागे टाकत रस्ता वायव्येकडे जातो. कार्तिकात हा प्रदेश पाहावा. सोयाबीनची रास होऊन गेलेली असते, कापूस वेचणीला आलेला असतो, तुरीला फुलोरा असतो आणि रब्बीची ज्वारी नुकती मांडीला लागलेली असते. येथील कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘परभणी मोती’ ज्वारीचे नाव मोंढ्यातल्या पोरालाही ठाऊक असते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीकर थट्टेने म्हणतो की अभिमानाने, हे बाहेरच्याला कधी उमगत नाही. बहुधा दोन्ही एकाच वेळी. त्या आठवड्यात मात्र अवकाळीचे सावट होते. आभाळ भरून आले होते आणि गाडीत बसलेला मुलगा दर दहा मिनिटांनी काचेतून ढगांकडे पाहत होता. बोंडे फुटलेल्या कापसावर पाऊस पडला, तर शेतकऱ्याचे नुकसान पहिले आणि आडत्याचे दुसरे. आजी मागच्या आसनावर णमोकार जपत होत्या. डब्यात भाकरी, मेथीची पातळ भाजी, तुरीच्या डाळीचे वरण, शेंगदाण्याची चटणी आणि गाळून उकळलेले पाणी होते. कांदा-लसूण-बटाटा नसलेले जेवण वाटेत मिळेल की नाही, या चिंतेतून घरचा डबा माणसाला मुक्त करतो. जैन कुटुंबाच्या प्रवासाचे निम्मे स्वातंत्र्य त्या डब्यात असते.

जिंतूरचे जुने नाव जैनपूर असे परंपरा सांगते आणि राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळाशी या क्षेत्राचा संबंध जोडते. अमोघवर्ष इसवी सनाच्या नवव्या शतकातला, आचार्य जिनसेनांचा शिष्य, स्वतः ग्रंथप्रेमी. त्याच्या घराण्याच्या काळात वेरूळला जैन लेणी कोरली गेली. मराठवाड्यात डोंगर कोरून जिनबिंबे स्थापण्याची परंपरा एकट्या वेरूळची नाही. धाराशिवच्या लेण्यांची कथा मुनी कनकामरांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात आली आहे. जिंतूर तालुक्यातीलच चारठाणा येथे यादवकालीन मंदिरांचे अवशेष आजही उभे आहेत. पुढे सुलतानी आल्या, निजामशाही आली, हैदराबादची निजामी राजवट १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत राहिली. या सगळ्या घालमेलीत जिंतूरच्या जैन वस्तीचे वैभव ओसरले. डोंगरातल्या मूर्ती मात्र टिकल्या. यात गुंफांच्या अंधाराचा आणि अरुंद दारांचा वाटा मोठा असावा, असे त्या पाहताना वाटल्यावाचून राहत नाही.

जिंतूर सोडले की दोन टेकड्या दिसतात, नेमगिरी आणि चंद्रगिरी. सह्याद्रीच्या उपरांगांतील या टेकड्या फार उंच नाहीत. घाट नाही, दाट वन नाही. काळा दगड, बोरी-बाभळी आणि वाऱ्याचा आवाज. हा काळा दगड म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखीतून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून आलेला लाव्हा. त्या वेळी समुद्रात देवमासा नव्हताच. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालणारे चतुष्पाद प्राणी होते आणि त्यांचे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष याच उपखंडात, काश्मीरमध्ये आणि कच्छमध्ये सापडले आहेत. म्हणून तर देवमासा नावाने मासा असला तरी फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो. नेमगिरीचा पाषाण त्याहून जुना. नातीला शाळेत हे कोणी सांगितले नव्हते; तिच्या वडिलांनी गाडी लावता लावता मोबाईलवर वाचून दाखवले, तेव्हा तिने पायाखालच्या दगडावर हात ठेवून पाहिला.

नेमगिरीचे वैशिष्ट्य तिच्या सात गुंफा. पहिल्या गुंफेत भगवान महावीर, दुसरीत आदिनाथ, तिसरीत शांतिनाथ, चौथीत मूलनायक नेमिनाथ, पाचवीत अंतरिक्ष पार्श्वनाथ, सहावीत नंदीश्वर आणि सातवीत बाहुबली. गुंफा लहान, दारे बुटकी. ताठ मानेने कोणालाही आत जाता येत नाही. मूर्ती मात्र गुंफांच्या मानाने भव्य आहेत. एवढ्याशा दारातून एवढी मूर्ती आत गेली कशी, हा प्रश्न प्रत्येक यात्रेकरू विचारतो आणि प्रत्येकाला वेगळे उत्तर मिळते. वेरूळला जाणारा माणूस मान वर करून पाहतो. छताकडे, खांबांकडे, इंद्रसभेच्या नक्षीकडे. नेमगिरीला मान खाली घालावी लागते आणि ती वर उठते तेव्हा अगदी हातभर अंतरावर भगवंतांचे मुख असते. त्या जवळिकीची सवय मोठ्या मंदिरांत जाणाऱ्यांना नसते. कित्येक जण गडबडून नमस्कार करायचेच विसरतात.

आजोबांना वाकता येईना. पहिल्या गुंफेच्या दाराशी त्यांनी ‘निःसही’ म्हटले, चौकटीला हात लावला आणि गुडघ्याने नकार दिला. मुलाने बाहेर खुर्ची मागवली. आजोबा खुर्चीवर बसले नाहीत, कट्ट्यावर बसले. मग त्यांनी नातीला सांगितले, “तू आत जा. काय पाहिलेस ते मला येऊन सांग.”

ती गेली आणि आली. भगवान महावीर आहेत, बसलेले आहेत, दिवा आहे. आजोबांनी विचारले, आसन कोणते? डोळे कसे? छातीवर काय? तिला सांगता आले नाही. ती पुन्हा गेली. दुसऱ्या गुंफेतून आली तेव्हा तिने आदिनाथांच्या केसांविषयी सांगितले, तिसऱ्या गुंफेतून आली तेव्हा हरणाचे लांछन शोधून आली. आजोबा चाळीस-पन्नास वेळा पाहिलेल्या मूर्तींचे वर्णन एका दहा वर्षांच्या मुलीकडून ऐकत होते आणि मधूनच दुरुस्ती करत होते. शेजारी पूजेची ताटे घेऊन उभे असलेले दोघे-तिघे ऐकत थांबले. अष्टाह्निकेचे दिवस असल्यामुळे वर्दळ होती. एरवी या डोंगरावर दुपारी पाखरांचाच काय तो आवाज असतो.

त्या थांबलेल्यांत विदर्भातून आलेले एक सधन गृहस्थ होते. त्यांनी विषय काढला, तो अशा क्षेत्रांवर नेहमी निघतो. ही दारे रुंद करावीत, वृद्धांची गैरसोय होते, आत संगमरवर बसवावा, प्रकाशाची चांगली व्यवस्था करावी. खर्चाचा प्रश्न नाही. बोलणे सद्भावनेचे होते. आपल्या समाजात दानाला तोटा नाही आणि दान दिसावे ही इच्छाही मनुष्यसुलभ आहे. गेल्या काही दशकांत कित्येक प्राचीन क्षेत्रांवर या सद्भावनेने काळा पाषाण पांढऱ्या फरशीखाली गेला आणि पाचशे वर्षांचा गाभारा पाच वर्षांपूर्वीचा वाटू लागला. जीर्णोद्धार आणि नूतनीकरण हे दोन शब्द पावतीपुस्तकात एकाच रकान्यात लिहिले जातात, हे त्याचे एक कारण. गृहस्थांनी आजोबांकडेच पाहून विचारले, “तुमच्यासारख्यांसाठीच म्हणतो. बरोबर ना, काका?”

आजोबा म्हणाले, “दार राहू द्या. मी पहिल्यांदा आईच्या कडेवर येथे आलो, तेव्हा ती या दारातून मला कशी घेऊन गेली असेल, ते मला दर वेळी आठवते. करायचेच असेल तर धरायला एक कठडा करा. दगडाला खिळा न ठोकता होत असेल तर. त्याची पावती माझी. नाव आईचे घाला.”

यावर कोणी वाद घातला नाही. गृहस्थांना ते पटले असे मात्र दिसले नाही.

चौथ्या गुंफेपाशी आजोबांनी मुलाचा हात बाजूला सारला, जमिनीवर बसले आणि बसल्या बसल्या सरकत आत गेले. धोतराला माती लागली. सून घाबरली, आजींनी तिला थांबवले. आत नात त्यांच्या शेजारी बसली. नेमिनाथांची कथा तिला पाठ होती. पाठशाळेत तिने तिच्यावरील नाटिकेत राजुलच्या सखीचे काम केले होते. यादवांची वरात जुनागढला निघते, उग्रसेनाची राजुल वाट पाहत असते, वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश नेमिकुमारांच्या कानी येतो. आपल्या विवाहाच्या जेवणासाठी हे जीव कोंडले आहेत, असे समजताच ते पशूंना मुक्त करवतात, रथ वळवतात आणि गिरनारची वाट धरतात. आजोबांनी कथा सांगितली नाही. त्यांनी विचारले, “ते पशू सुटले, पुढे त्यांचे काय झाले?”

नातीला ठाऊक नव्हते. कोणालाच ठाऊक नाही. पुराणांनी नेमिनाथांचे पुढे काय झाले ते सविस्तर सांगितले, राजुलने दीक्षा घेतली तेही सांगितले; पशूंची गोष्ट तेथेच थांबते. अरण्यात गेलेल्या हरणाला दुसऱ्या दिवशी वाघाने गाठले असेल, कोणी म्हातारे होऊन मेले असेल. “ते मेले असतील,” नात म्हणाली. आजोबा म्हणाले, “मेलेच असतील.” आणि हात जोडून बसून राहिले. बाहेर माणसे खोळंबली होती. पण ओरडून ‘आवरा’ असे कोणी म्हटले नाही.

गिरनारच्या त्या प्रदेशात अलीकडे घडलेली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या परिसरात, व्हेल शार्क नावाचा अतिप्रचंड मासा येतो. हा देवमासा नव्हे. खराखुरा मासा आहे, सर्व माशांत मोठा, आणि माणसाला अपाय न करणारा. त्याच्या यकृताचे तेल होड्यांना लावण्यासाठी वापरले जाई. पुढे परदेशात मागणी वाढली आणि हत्या शेकड्यांनी होऊ लागली. २००१ मध्ये वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिले. परंतु कायद्याने जाळे उसवत नाही. २००४ पासून मुरारीबापूंनी या माशाला ‘व्हाली’ म्हणून, बाळंतपणाला माहेरी आलेली लाडकी लेक म्हणून, कोळ्यांच्या मनात बसवले. तेव्हापासून जाळ्यात व्हाली अडकली की कोळी स्वतःचे महागडे जाळे कापून तिला सोडतात. वनखाते जाळ्याची भरपाई देते. सुटलेल्या माशांची संख्या शेकड्यांत आहे. जुनागढच्या वाटेवर जे एकदा घडले असे आपण वाचतो, ते त्याच मुलखात समुद्रावर आजही घडते. घडवणारे मात्र मासेमारीवर पोट असलेले लोक आहेत, ही बाब आपल्या समाजाने शांतपणे विचारात घ्यावी अशी आहे.

पाचव्या गुंफेतील अंतरिक्ष पार्श्वनाथ हे नेमगिरीचे मोठे आश्चर्य. फणामंडित ती अतिशय वजनदार मूर्ती अगदी लहानशा दगडी आधारावर तोललेली आहे. भोवतालून पाहता ती भूमीला टेकलेली दिसत नाही. पुजारी दिवा खाली धरून ते अंतर दाखवतात. तंत्र कोणते, अतिशय कोणता, याची चर्चा बाहेर खूप होते. आत गेल्यावर होत नाही. वाशीम जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ याहून अधिक ख्यातनाम. तेथे दोन आम्नायांच्या वादात १९८१ पासून चार दशके भगवंत कुलपात राहिले आणि २०२३ च्या मार्च महिन्यात दार उघडले. नेमगिरीच्या पार्श्वनाथांना अशी ख्याती लाभली नाही. कदाचित त्यामुळेच त्यांच्या दाराला कुलूप नाही.

अष्टाह्निकेत सर्वांत अधिक गर्दी सहाव्या गुंफेपुढे असते, कारण हे पर्वच नंदीश्वराचे. कार्तिक, फाल्गुन आणि आषाढ या तीन महिन्यांच्या शुक्ल पक्षातील अखेरचे आठ दिवस देवगण नंदीश्वर द्वीपावर जाऊन बावन्न अकृत्रिम चैत्यालयांत पूजा करतात, अशी आपली श्रद्धा. माणसाला तेथे जाता येत नाही. मानुषोत्तर पर्वतापलीकडे मनुष्याची गती नाही. म्हणून मग माणसाने बावन्न चैत्यालयांची प्रतिकृती करावी आणि येथूनच वंदन करावे. जंबूद्वीप एक लाख योजनांचे, त्याभोवतीचा लवणसमुद्र दोन लाख योजनांचा, त्यापुढचे प्रत्येक द्वीप आणि समुद्र दुप्पट. या हिशेबाने आठव्या नंदीश्वर द्वीपाची रुंदी एकशे त्रेसष्ट कोटी चौऱ्याऐंशी लाख योजने भरते. नातीच्या वडिलांनी हा गुणाकार कट्ट्यावर बसून मोबाईलवर करून पाहिला आणि तो शास्त्राशी जुळला, याचे त्यांना झालेले समाधान लपत नव्हते. आडतीच्या घरात आकडा जुळणे हीसुद्धा एक भक्तीच.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आपल्या ग्रंथांच्या लोकवर्णनात समुद्र असंख्य आहेत, पण जलचर जीव तीनच समुद्रांत सांगितले आहेत : लवणोद, कालोद आणि अखेरचा स्वयंभूरमण. नंदीश्वराच्या समुद्रात मासा नाही. त्याचे पाणी उसाच्या रसासारखे गोड सांगितले आहे. ज्या समुद्रात कोणी कोणाला खात नाही, तो गोड आणि आपला लवणसमुद्र खारा, हे योगायोगाने आले असेल किंवा नसेल. स्वयंभूरमणात मात्र हजार योजने लांबीचा महामत्स्य राहतो. आज पृथ्वीवरील सर्वांत मोठा जीव म्हणजे निळा देवमासा, सुमारे शंभर फूट. तो त्या महामत्स्यापुढे काहीच नाही. आणि त्या महामत्स्याच्या कानात तांदळाच्या दाण्याएवढा शालिसिक्थ मासा राहतो, तोच श्वेतांबर परंपरेतील तंदुलमत्स्य. महामत्स्याच्या उघड्या जबड्यातून मासे आत जातात, बाहेर येतात, कित्येक सुटतात. ते पाहून हा दाणा मनात म्हणतो, मला एवढे शरीर असते तर एकही सुटू दिला नसता. त्याने आयुष्यात कोणाला मारले नाही, मारण्याची ताकदच नव्हती. केवळ या भावाने तो सातव्या नरकात जातो. आजींनी ही गोष्ट डब्यातली भाकरी वाढता वाढता सांगितली. नातीचा निष्कर्ष अनपेक्षित होता : “म्हणजे उलटेही होत असेल ना? वाचवायला जमले नाही, पण वाचवायचे मनात होते, तर?”

आजींनी भाकरीवर चटणी घातली. “होते,” त्या म्हणाल्या. “जेव आता, दिवस उतरतो आहे.”

या दिवसांत सिद्धचक्र विधानही ठिकठिकाणी चालते आणि सिद्धचक्र म्हटले की श्रीपाल-मैनासुंदरीची कथा आलीच. व्यापारी कुटुंबांत ही कथा विशेष आवडीने ऐकली जाते, कारण तिच्यात जहाजे आहेत, माल आहे आणि धवलशेठ आहे. सोबत्याच्या संपत्तीवर आणि स्त्रीवर डोळा ठेवून त्याला समुद्रात ढकलणारा हा शेठ वाचताना आपल्या मंडळींना थोडे अवघडल्यासारखे होते. दिगंबर कथेत श्रीपाल पोहून किनारा गाठतो. श्वेतांबर रासात एक प्रचंड जलचर त्याला पाठीवर घेऊन कोकणच्या किनाऱ्यावर, ठाण्याला आणून सोडतो. ठाण्याच्या मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरात त्या कथेचे स्मरण आजही जपले आहे. कोकणच्या त्याच समुद्राने एकदा माणसाला पाठीवर आणून सोडले असे आपण मानतो. गणपतीपुळ्याला माणसांनी ते उलट करून पाहिले.

सातव्या गुंफेत बाहुबली. वेळ थोडा होता, आभाळ अधिकच काळवंडले होते. आजोबा पाचव्या आणि सहाव्या गुंफांत गेले नाहीत. सातव्या गुंफेच्या दाराशी मात्र मुलाने आपणहून खाली बसून पाठ पुढे केली आणि त्यांना आत नेले. बाहेर काढताना दोघांनाही धाप लागली. लांछनाविषयी नातीने आणखी एक शंका विचारली, शंखात जीव असतो का? शंख द्वींद्रिय, त्याला स्पर्श कळतो आणि चव कळते, डोळे नाहीत, कान नाहीत, हे तिला पाठशाळेत शिकवलेले होते, पण मंदिरात वाजणारा शंख आणि तो जीव एकच, हे तिच्या ध्यानात आले नव्हते. तिला त्याचे वाईट वाटले. नेमिकुमारांनी कृष्णाच्या आयुधशाळेत पांचजन्य फुंकला आणि द्वारका हादरली, ही कथा सांगून आईने तिला थोडे हसवले.

खाली उतरताना डोंगराच्या पायथ्याशी एका वृद्ध शेतकऱ्याने गाडीला हात केला. त्याला जिंतूरपर्यंत यायचे होते. पाऊस येतो का, हे त्याने आजोबांना विचारले आणि कापसाचा भाव काय निघेल, हे मुलाला विचारले. दोघांनीही नीट उत्तर दिले नाही. बोरीच्या अलीकडे पहिले थेंब पडले. नात झोपली होती. तिच्या मुठीत नेमगिरीच्या वाटेवर उचललेला काळा खडा होता, तो सुनेने हळूच काढून घेतला, पाहिला, आणि परत तिच्या मुठीत ठेवला. मोंढ्याच्या वळणावर पोहोचेपर्यंत पाऊस चांगलाच लागला होता. मुलगा घरी न थांबता तसाच गोदामाकडे गेला. बाहेर लावलेल्या गाठोड्यांवर ताडपत्री नीट ओढली आहे की नाही, हे पाहायला.